घर घेतले, आत ऐब निघाला

आमच्या मोहल्ल्यात कुणी घर किंवा प्लॉट घेतला की त्याचे कागद एकदा तरी माझ्या ओट्यावर येतात. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, एवढीच माझी पात्रता. इथल्या बऱ्याच घरांत वडीलधारी मंडळी उर्दूतून शिकलेली. खरेदीखत मात्र मराठीत, आणि तेही अशा मराठीत की मराठी शाळेत शिकलेल्यालाही घाम फुटावा. उलट, घरातल्या पेटीतून निजामाच्या काळातला एखादा उर्दू दस्त निघाला की कॉलेजात जाणारी मुले एकमेकांकडे पाहतात. मग दोन्हीकडचे लोक "बाजी, जरा पढके बताओ" म्हणत माझ्याकडे येतात. मी चहा ठेवते, चष्मा लावते आणि वाचून दाखवते. असे वाचताना माझ्याच हातून एक चूक झाली. तिची किंमत माझ्या आपाने मोजली. या महिन्यात तेच लिहिते आहे.

आपा म्हणजे माझी खालाजाद बहीण. दुल्हेभाई सळईच्या कारखान्यात कामाला. पंचवीस वर्षे भाड्याच्या घरात काढली. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे दोघांचे ठरलेले. त्यामुळे फंडातली रक्कम, दोन मुलांची बचत आणि शेवटी आपाच्या मेहरचे सोने, असे करत 23 लाख उभे केले आणि डिसेंबर 2023 मध्ये जुन्या जालन्यात एक घर घेतले. घर आपाच्या नावावर. विकणारे गृहस्थ ओळखीतले, दुल्हेभाई ज्या मशिदीत जुम्मा पढतात तिथेच येणारे. घर नुकतेच रंगवलेले, मागच्या खोलीत कमरेपर्यंत नव्या टाइल्स, फरशी चकाचक. आम्ही सगळ्या पाहायला गेलो होतो. टाइल्स पाहून आपा खूश झाली. मला तेव्हा एक प्रश्न सुचायला हवा होता: स्वयंपाकघर नाही, न्हाणी नाही, मग झोपायच्या खोलीत कमरेपर्यंत टाइल्स कशाला?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस झाला. मागच्या खोलीच्या टाइल्स फुगून सुटल्या, आत लोणा लागलेला. चौथ्या दिवशी पहाटे फज्रच्या सुमारास त्या खोलीची फरशी मधोमध खचली. दीड फूट खाली. भिंतीत अशी भेग की माझ्या लहान भाच्याचा हात आत जाईल. त्या रात्री मुले पुढच्या खोलीत झोपली होती, अल्लाहचे शुक्र.

शेजारच्या म्हाताऱ्या काकी पाहायला आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "अगं, इथं तर आड होता. आम्ही पाणी भरायचो."

जुन्या जालन्यातल्या वाड्यांत आड असायचेच. नळ आले, आड बुजले. बुजवताना कुणी मुरूम टाकून धुमस मारला, तर कुणी पडक्या भिंतीचा मलबा, माती, कचरा, जे हाताला लागेल ते लोटले. वर फरशी घातली की कुणाला काय कळते? मलबा वर्षानुवर्षे आतल्या आत बसत जातो आणि एखाद्या पावसाळ्यात वरचे सगळे खाली नेतो.

मग मी कागद पुन्हा काढले. मूळ मालकी दाखवायला विकणाऱ्यांनी जुन्या दस्ताची झेरॉक्स दिली होती. 1352 फसली सालचा, म्हणजे 1942-43 च्या सुमाराचा उर्दू दस्त. डिसेंबरात आपाने तो माझ्याकडेच आणला होता. मी नावे पाहिली, रक्कम पाहिली, मोहर पाहिली आणि "ठीक है आपा" म्हणून परत दिला. त्यातली हुदूद-ए-अरबा, म्हणजे चतुःसीमा, मी वाचलीच नाही. चार ओळी होत्या. तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिले होते की मागच्या सेहनमध्ये चाह आहे. चाह म्हणजे विहीर, आड. मुलांना इयत्ता सातवीत मी हा शब्द शिकवते.

ही गोष्ट मी नंतर वकीलबाईंना सांगितली तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "हा कागद दुधारी आहे." खाली कायद्याचे जे लिहिते आहे ते त्यांच्याकडून समजून घेतलेले.

घराच्या विक्रीत विकणाऱ्यावर काय जबाबदारी असते, हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 मध्ये आहे. इतका जुना कायदा, पण आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने स्वतः होऊन सांगितला पाहिजे. दोष मालकीतला असो की प्रत्यक्ष वास्तूतला. न सांगणे म्हणजे फसवणूक, असे ते कलमच म्हणते. पण "साधारण काळजी" या दोन शब्दांत सगळी मेख आहे. उघड्या डोळ्यांनी दिसणारी भिंतीची भेग तुम्ही पाहिली नाही, तर तो दोष विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. बुजलेला आड डोळ्यांना दिसत नाही, हे खरे. पण त्याचा उल्लेख असलेला कागद खरेदीआधी आमच्या हातात होता, आणि वाचता येणारी व्यक्ती घरातच होती. समोरच्या वकिलाला याहून चांगले काय हवे?

इथे दुसरा कायदा कामाला आला. भारतीय करार अधिनियम, 1872. त्यात गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत फरक केला आहे. विकणारा नुसता गप्प राहिला, आणि थोडी चौकशी केली असती तर तुम्हाला खरे कळले असते, अशा वेळी करार रद्द करून मागण्याचा तुमचा हक्क लंगडा पडतो. पण खोटे आहे हे माहीत असताना त्याने छातीठोक सांगितले असेल, किंवा दोष मुद्दाम झाकला असेल, तर "तुम्ही चौकशी का केली नाही" हे त्याच्या तोंडी शोभत नाही आणि कायदाही त्याला तशी आड घेऊ देत नाही.

आणि आमच्याकडे एक आवाज होता. बयाना देण्याच्या आदल्या दिवशी आपाच्या मोठ्या मुलाने व्हॉट्सॲपवर विचारले होते, "चाचा, पीछे के कमरे का पाया कैसा है, ओल वगैरा?" त्यावर त्यांचा वीस-बावीस सेकंदांचा आवाजी संदेश आला: पाया सगळा मुरमावर आहे, माझ्या वालिदांनी माझ्यासमोर भरला, ओलीचा प्रश्नच नाही. पोराने सहज विचारले होते. तेवढ्या एका प्रश्नावर आमची सगळी केस उभी राहिली. ज्याच्या वडिलांनी समोर पाया भरला, त्याला आड बुजल्याचे माहीत नव्हते, असे कोण म्हणेल?

मी स्वतः घर पाहायला गेले तेव्हा असा एकही प्रश्न विचारला नव्हता. कारण लिहाज. ओळखीचे लोक, चहा-बिस्किटे पुढे आलेली, बेगमसाहेब आग्रहाने खीर वाढताहेत. तिथे "तुमच्या पायात काय आहे" असे विचारायचे म्हणजे त्यांच्या इमानावर शंका घेतल्यासारखे वाटते. भाजी घेताना आपण वांगे उलटून पाहतो. घर घेताना मात्र शरम आडवी येते. कलम 55 मध्येच पुढे असे आहे की घेणाऱ्याने मालमत्तेबद्दल विचारलेल्या सर्व संबंधित प्रश्नांना विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे उत्तर दिले पाहिजे. म्हणजे विचारणे हा आपला हक्क आहे आणि उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोर्टात कुठून आणणार?

म्हणून आता माझ्याकडे कागद घेऊन कुणी आले की मी आधी इसार पावती लिहून झाली का ते विचारते. झाली नसेल तर त्यातच एक परिच्छेद घालायला सांगते. साधा, आपल्या भाषेत: सदर जागेत पूर्वी आड, विहीर, शोषखड्डा किंवा नाला नव्हता, पाया अमुक थरावर आहे, स्लॅब अमुक साली घातला आणि तो गळत नाही, बोअरला उन्हाळ्यात इतके पाणी असते, भिंतींची दुरुस्ती झाली असल्यास कधी व कशासाठी, हे सर्व विकणाऱ्याच्या माहितीप्रमाणे खरे आहे. खाली सही. जो खरा आहे तो सही करतो. जो "इतना भरोसा नहीं है क्या" म्हणून रुसतो, त्याच्या रुसण्यातूनही काही कळतेच. खरेदीखतात तर बहुधा उलटेच वाक्य छापील असते: घेणाऱ्याने मिळकतीची पाहणी करून समाधान करून घेतले आहे. आपाच्या खरेदीखतातही ते होते. ते वाक्य असले म्हणून फसवणूक माफ होत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. पण समोरचा पहिला हात त्याच वाक्यावर ठेवतो.

आता दोष कळल्यावर वाटा कोणत्या? हे दोन गोष्टींवर आहे. तुम्ही कुठवर पोहोचलात, आणि विकणारा कोण आहे.

फक्त बयाना गेला असेल तर तुम्ही नशीबवान. रजिस्ट्रीला जाऊ नका, लेखी नोटीस द्या, कारण लिहा आणि बयाना परत मागा. घेणाऱ्याने योग्य कारणाने माघार घेतली असेल तर दिलेल्या रकमेचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो, हेही त्याच कलम 55 मध्ये आहे. आपल्याकडे "बयाना डूब गया" म्हणून लोक हात झटकतात. दोष लपवणाऱ्याकडे बयाना बुडायचे काही कारण नाही.

खरेदीखत नोंदले गेले असेल तर ते दुय्यम निबंधक रद्द करत नाहीत. त्यांच्या कार्यालयात हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. दोन्ही पक्ष राजी असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर दिवाणी न्यायालय. तिथे दोनपैकी एक मागता येते. एक, व्यवहार रद्द करून घर परत, पैसे परत. दोन, घर ठेवायचे आणि नुकसानीची भरपाई घ्यायची. दोन्ही हातांत लाडू मिळत नाहीत. मुदत तीन वर्षे, आणि फसवणूक असेल तर ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. पण तीन वर्षे आहेत म्हणून स्वस्थ बसू नये. दोष कळल्यावरही तुम्ही मालकासारखे राहत गेलात, वर मजला चढवलात, भाडेकरू ठेवलात, तर तुम्ही ते घर दोषासह पत्करले असे धरले जाऊ शकते.

हे ऐकताना मला आमच्या फिक्हमधली खियार-ए-ऐब आठवली. विकत घेतलेल्या वस्तूत आधीपासूनचा ऐब निघाला तर घेणाऱ्याला ती परत करण्याचा अधिकार. तिथेही तेच: ऐब कळल्यावर राजी असल्यासारखे वापरत राहिलात तर अधिकार जातो. मदिनेच्या बाजारातला धान्याच्या ढिगाचा किस्सा तर आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. वरून कोरडे, आत हात घातला तर ओले. पावसाने भिजले, असे विकणाऱ्याने सांगितले. मग ओले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असा सवाल हुजूरांनी त्याला केला. आपाच्या खोलीत टाइल्स काढल्या तेव्हा आत ओल, वर चकाकी. मला दुसरे काही आठवलेच नाही. अर्थात आपल्या देशात घराच्या खरेदी-विक्रीचा दावा वर सांगितलेल्या कायद्यांनीच चालतो. पण मशिदीच्या जमातीतल्या बुजुर्गांनी त्या गृहस्थांना बोलावले तेव्हा त्यांनी कायदा नव्हे, हा किस्साच पुढे ठेवला. गृहस्थ म्हणाले, देखके लिया था, अब क्या? बैठक संपली.

विकणारा बिल्डर असेल तर वाटा जास्त आहेत आणि सोप्या आहेत. स्थावर संपदा कायदा, 2016, ज्याला आपण रेरा म्हणतो, त्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. जाहिरातीत खोटे सांगून घर विकले तर पैसे व्याजासह परत मागण्याची तरतूदही आहे. (व्याज घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा सवाल, मुद्दल तरी सोडू नका.) मात्र जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील तर अशा प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. आपल्या जालन्यात चार-सहा रो-हाऊसच्या स्कीम निघतात त्या बहुतेक यातच बसतात. तिथे जिल्हा ग्राहक आयोग आहे. घर बांधून देणे ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्ह्यातच करता येते. 20 ते 50 लाखांच्या व्यवहाराला फी 1000 रुपये, आणि मुदत दोन वर्षे.

पण आपासारखे एका माणसाने दुसऱ्या माणसाला राहते घर विकले, तर तो काही सेवा देत नाही. तिथे ग्राहक आयोगही नाही आणि रेराही नाही. पोलिसांकडेही दुल्हेभाई जाऊन आले. फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, पण घराच्या व्यवहारातली तक्रार म्हटली की "दिवाणी मामला आहे" हे उत्तर ठरलेले, आणि दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नये असे वरच्या कोर्टांनीही वारंवार बजावले आहे. पोलिसांची भीती घालून पैसे निघतील, ही आशा बहुधा फोलच ठरते.

आमच्या व्यवहारात आणखी एक घाण होती, तीही सांगून टाकते. 23 लाखांपैकी 20 लाख बँकेतून गेले आणि तीन लाख रोख. खरेदीखतात 20 लाखच. सगळेच करतात म्हणून केले. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे व्यवहार फिसकटला की त्या रोख पैशाचा कुणी वाली नसतो. समोरच्यांनी पहिल्याच उत्तरात लिहिले: मिळालेली रक्कम 20 लाख. आपाच्या बांगड्या त्या तीन लाखांत होत्या.

व्याजाचे कर्ज न घेणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्ज घेतले की बँकेचा वकील कागद पाहतो, बँकेचा माणूस घर पाहून जातो. तो बँकेचा पैसा वाचवायला येतो, तुमचा नाही, तरी चार प्रश्न विचारले जातात. आपण रोखीने घेतो तेव्हा तेवढेही होत नाही. म्हणून आपल्या पदरचे पाच-दहा हजार खर्चून एक इंजिनियर न्या. ओळखीचा मिस्त्री चालेल असे मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. आमच्या आडाचा अहवाल इंजिनियरनेच दिला, आठ हजार घेतले. खोलीत दोन ठिकाणी खणून, फोटो काढून, मलब्याची खोली मोजून त्याने दुरुस्तीचा खर्च चार लाख साठ हजार लिहून दिला. खचलेली जागा आम्ही तोवर बुजवली नव्हती, हे एक बरे केले. आधी दुरुस्ती केली असती तर दाखवणार काय?

कागद सगळे जागेवर आहेत म्हणजे घर ठीक आहे, असेही समजू नये. महाडची तारिक गार्डन आठवा. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसे गेली. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे 19 तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, तो फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता. इमारत काही जुनी-पुराणी नव्हती, जेमतेम दशकभराची. गुन्हा नोंदला गेला तो बिल्डरवर, वास्तुरचनाकारावर, आरसीसी सल्लागारावर आणि नगरपालिकेच्या दोघांवर. म्हणजे ज्यांच्या सह्यांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो तेच. घरे घेणारे आपल्यासारखेच होते. खांबात काय भरले आहे, हे त्यांना कोण सांगणार होते?

आणि "बाद में रेग्युलर हो जाएगा" या वाक्यावर तर कधीच घर घेऊ नका. आपल्याकडे गुंठेवारीचे प्लॉट याच वाक्यावर विकले जातात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा आहे, आणि 2021 मध्ये त्याची तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. त्यानंतरचे काम असेल तर "हो जाएगा" म्हणणाऱ्याला कागद विचारा. मुंबईत वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडमध्ये पाच मजल्यांची परवानगी होती, बिल्डरांनी 1980 च्या दशकात त्याहून कितीतरी उंच इमारती चढवल्या. दंड भरून नियमित होईल या भरवशावर लोक राहिले. पंचवीस-तीस वर्षांनी, 27 फेब्रुवारी 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करायला नकार दिला. नुकसान झाले असेल तर बिल्डरकडून मागा. तोवर कोणता बिल्डर कुठे राहिला होता?

थोडे आपल्या गावच्या मातीबद्दल. जालन्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया खाली मुरमापर्यंत गेला नसेल तर भिंती दर वर्षी श्वास घेतल्यासारख्या हलतात. म्हणून घर एकदा पावसाळ्यात पाहावे, नाहीतर पावसाळ्यात पाहिलेल्या शेजाऱ्याला विचारावे. आम्ही काकींना व्यवहाराआधी एकदा सलाम करायला गेलो असतो तर! टाइल्सवर नाणे वाजवून पाहावे, पोकळ आवाज आला तर मागे पोपडे आहेत. एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्यांना जुना, असे दिसले तर त्या भिंतीलाच विचारावे. आणि बोअर. 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या गावाला बोअरचे महत्त्व मी काय सांगणार? "दो इंच पानी है" हे डिसेंबरात कुणीही म्हणेल. मे महिन्यात मोटार किती वेळ चालते ते विचारा आणि लिहून घ्या.

आपाचे पुढे काय झाले ते सांगते. व्यवहार रद्द करून पैसे परत मागावे, असे दुल्हेभाईंचे मत होते. पण त्या गृहस्थांनी आलेला पैसा दुसऱ्या प्लॉटमध्ये गुंतवून टाकला होता. हुकूमनामा मिळायला किती वर्षे, आणि मिळाल्यावर वसूल व्हायला किती? आपा म्हणाली, पुढच्या दोन खोल्या धड आहेत, मुले इथून शाळेत जातात, मी आता पुन्हा भाड्याच्या घरात जाणार नाही. घर तिच्या नावावर होते, तिचेच ऐकले.

महिलांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, हे मला तोवर माहीत नव्हते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मध्ये तशी तरतूद आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, फोन करायचा असेल तर 15100. तिथून वकीलबाई मिळाल्या. आधी नोटीस गेली. आवाजी संदेशाचा शब्दन् शब्द, इंजिनियरचा अहवाल, काकींचे म्हणणे, सगळे तीत घातले. उर्दू दस्त घालायचा की नाही यावर बराच खल झाला. शेवटी घातला. वकीलबाई म्हणाल्या, तो त्यांच्याकडेही आहे, आपण लपवला असे दिसायला नको. त्याचा मराठी तर्जुमा मीच करून दिला. तिसऱ्या ओळीपाशी आल्यावर माझा हात थांबला होता.

दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवता येते. 2025 च्या मार्चमध्ये ते ठेवले. गृहस्थ मुलाला घेऊन आले. मोबाइलवर त्यांचाच आवाज ऐकवला तेव्हा मुलाने बापाकडे पाहिले, आणि मग तोच बोलायला लागला. सव्वातीन लाखांवर तडजोड झाली, दोन हप्त्यांत. इंजिनियरच्या आकड्याहून एक लाख पस्तीस हजार कमी, आणि रोख तीन लाखांचा तर विषयच निघाला नाही. दुल्हेभाईंना ते आजही सलते. पण लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. पैसे दिले नाहीत तर सरळ वसुलीला जाता येते.

पहिल्या हप्त्यात आड खाली तळापर्यंत उपसला. मलब्यातून तुटके मडके, सायकलची चेन आणि एक पितळी रहाट निघाला. मग थराथराने मुरूम टाकून, पाणी मारून, धुमस करून भरला, वर लोखंड घालून काँक्रीट केले. दुसरा हप्ता बकरी ईदनंतर येणार होता. तो अडीच महिने उशिरा, दोनदा आठवण केल्यावर आला. भिंतीची भेग त्यातून भरली. टाइल्स आपाने पुन्हा लावल्या नाहीत. साधा गिलावा केला आहे, ओल आली तर दिसू दे म्हणते.

रहाट तिने धुऊन ओट्यावर ठेवला आहे.